टक्कर मोडणारा

लोणझरीचा भगवंत माळी पंचक्रोशीला दोन गोष्टींमुळे ठाऊक होता. एक त्याची वांगी, आणि दुसरी भिडलेले हेले सोडवण्याची त्याची हातोटी. वांगी हिवाळ्यात निघायची आणि हेले वर्षातून एकदाच भिडायचे. उरलेले दिवस भगवंताची कुणाला आठवण होत नसे. त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं तो म्हणायचा, आणि ते साफ खोटं होतं.

हेला म्हणजे रेडा. दिवाळीच्या पाडव्याला बेंबळा नदीच्या वाळूत अलीकडच्या लोणझरीचा एक आणि पलीकडच्या सावंग्याचा एक असे दोन हेले समोरासमोर सोडायची जुनी चाल होती. पाठ फिरवील तो हरला. जिंकणाऱ्या गावाचा डफ त्या संध्याकाळी मरीमायच्या देवळापर्यंत पुढे चालायचा आणि हरणाऱ्याचा मागे. एवढ्यासाठी दोन्ही गावं वर्षभर एकमेकांना टोमणे मारत. बाहेरच्या माणसाला वाटायचं, यात आहे काय? आणि गावाला वाटायचं, यात नाही काय?

पण हेला एकदा भिडला की आपणहून सुटत नाही. शिंगात शिंग अडकतं, माना पिळल्या जातात, आणि पाठ फिरवणाऱ्याच्या पोटात दुसरा शिंग खुपसतो. म्हणून हार दिसू लागली की मध्ये शिरून दोघांना अलग करणारा माणूस लागतो. त्याला टक्कर मोडणं म्हणत. जरा आधी मोडली तर हरणारं गाव म्हणणार, आमचा जिंकतच होता. जरा उशीर झाला तर एक जनावर गेलं. हे काम दोन्ही गावांनी मिळून भगवंताच्या घराकडे दिलं होतं. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे होतं आणि बापाच्या आधी आजाकडे.

माळ्याकडेच का, तर त्याला कारण होतं. कुणब्याचा बैल जन्मभर पुढेच चालतो, मग नांगराला जुंपा की गाडीला. मागे चालायला शिकतो तो फक्त मोटेचा बैल. भरलेली मोट ओढत जोडी उतारावरून पुढे जाते आणि मोट रिकामी झाली की पाठमोरी चढत पुन्हा विहिरीशी येते. असं दिवसातून शंभरदा. 'सर, सर, सर' असा घोगरा, हलका आवाज काढून जनावराला मागे सरकवायचं काम गावात फक्त मोट हाकणारा माळीच करायचा. भगवंत पाडव्याला आपल्या मोटेचा दोर, म्हणजे नाडा, खांद्यावर टाकून वाळूत उतरायचा. हातात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जळता जुडगा. हरायला आलेल्या हेल्याचा मागचा पाय जमीन चाचपू लागतो, ते त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं. मग जिंकणाऱ्याच्या मागच्या पायात फास, दुसऱ्या टोकाला चार गडी, दोन्ही तोंडांच्या मध्ये धूर, आणि घशातून 'सर, सर'. बावीस पाडव्यांत त्याच्या हातून एकही जनावर गेलं नव्हतं.

दरवर्षी टक्कर मोडली की खुशालराव पाटील त्याला नारळ आणि पांढरा फेटा द्यायचे आणि आपल्या ओट्यावर घोंगडीवर बसवायचे. एरवी भगवंत त्या ओट्यापाशी वांग्याची पाटी घेऊन उभा राहायचा. त्याची बायको सत्यभामा म्हणायची, "तुमाले जनावराची दया येते का घोंगडीची आस लागते, ते मले अजून नाही समजलं." भगवंत हसून विषय टाळायचा, कारण ते त्यालाही नीट समजलेलं नव्हतं.

मग कापसाला तो भाव आला. अमेरिकेत कुठेतरी लढाई लागली होती म्हणे, तिचा वऱ्हाडाशी संबंध काय हे चावडीवर कुणालाच सांगता येत नव्हतं. पण अमरावतीला कापसाची गाडी गेली की माणूस जाताना एक असायचा आणि येताना दुसरा. बायकांच्या अंगावर चांदी आली. एकाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, तर दुसऱ्याने गाडीच्या चाकांना चांदीची धाव चढवतो असं बोलून दाखवलं. खुशालरावांनी बऱ्हाणपूरकडून एक हेला आणला. कपाळावर पांढरा चांद होता म्हणून त्याचं नाव चांद्या. तो इतका दांडगा आणि अडेल होता की पाटलाच्या गड्यांना आटोपेना. शेवटी एक उन्हाळाभर त्याला भगवंताच्या मोटेला जुंपला. पहिला महिना भगवंताचे हाल झाले, पण दुसऱ्या महिन्यात चांद्या 'सर' म्हटलं की मागे यायला लागला. भगवंत त्याला वांग्याची पानं चारायचा. पाटलांना हे कळलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता, कारण टकरीच्या हेल्याला ते तूप पाजत होते.

सावंग्यानेही मग तसलाच हेला आणला. आता टक्कर बघायला अमरावतीहून दलाल, आडते, त्यांचे मुनीम येऊ लागले. अठराशे त्रेसष्टच्या पाडव्याला नदीकाठच्या दरडीवर इतकी दाटी झाली की एक मुनीम घसरून खाली पडला आणि लोकांच्या पायांखाली तुडवला जाऊन मेला. हेले त्याच्यापासून पन्नास पावलांवर होते.

साल उलटायच्या आत अमरावतीच्या साहेबाचा हुकूम आला. कुणीही हेल्यांची टक्कर लावू नये, लावील त्याला कैद. गावात दवंडी पिटली गेली.

त्यावर गावात जे बोलणं झालं ते ऐकण्यासारखं होतं. म्हातारे म्हणाले, "मुनीम मानसांनी तुडवला. मंग मानसांवर बंदी घाला ना, हेल्यानं काय केलं?" तरुण म्हणाले, की साहेब स्वतः बंदूक घेऊन मेळघाटात जातो, तिथं वाघ काय त्याला पान-सुपारी द्यायला येतो? हेल्याचं चारा-पाणी करणाऱ्या बायका मनात खूश झाल्या आणि तोंडाने हळहळल्या. मरीमाय कोपेल असंही दोघं-तिघं म्हणाले, पण ते दरवर्षी कशावरूनही म्हणत. जनावराला दुखतं, हे कारण मात्र कुणाच्या तोंडी आलं नाही. ते हुकुमातही नव्हतं.

सत्यभामा म्हणाली, "बरं झालं. आता पाडव्याले तरी घरी जेवान."

 भगवंताला बरं वाटलं होतं, हे खरं. पाडव्याच्या आदल्या दोन रात्री त्याला झोप लागत नसे, डोळ्यांपुढे हेल्याचा पाय दिसायचा. आता ते गेलं. पण त्याच्याबरोबर घोंगडीही गेली, आणि तिचं त्याला दुःख झालं. यापुढे आपण नुसते वांगीवाले, हे त्याच्या मनातून जाईना.

दसऱ्यानंतर पाटलांनी चावडीवर गाव बोलावलं. सावंग्याचीही चार माणसं आली होती. कुलकर्णी शेषराव यांनी हुकुमाचा कागद पुन्हा वाचला. पाटलांनी विचारलं, "लावू नये, असंच हाय ना? आपसात भिडले तं काय, ते लिवलं हाय का?" शेषरावांनी कागद उलटसुलट करून सांगितलं, "तसं काही लिहिलेलं नाही."

"मंग झालं," पाटील म्हणाले. "आमचा हेला रोज तिसऱ्या पहारी नदीवर पानी प्यायले जाते. सावंग्याचाबी जाते. पाडव्याले त्याईले तहान लागनार नाही का? आपुन दरडीवर उभे राहू. उभं राहाले बंदी नाही. फकत एक ध्यानात ठेवा. वाळूत कोनी उतरायचं नाही. हातात काठी नको, दोर नको, इस्तो नको. मानसाचा हात लागला का ती लावलेली टक्कर झाली."

सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. भगवंत मागे खांबाशी उभा होता. तो म्हणाला, "मंग मोडन कोन?"

"मोडाले काहून पायजे? थकले का सुटतीन."

"नाही सुटत, पाटील."

"आजपर्यंत सुटलेच ना? बावीस वर्सांत एक तरी मेला का?"

यावर गाव हसलं. आणि भगवंताच्या लक्षात आलं की पाटील थट्टा करत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतंय. सगळ्या गावालाच तसं वाटत होतं. बापआजापासून या दोन गावांनी टक्कर शेवटपर्यंत पाहिलीच नव्हती. हार दिसली की डफ वाजायचे, लोक नाचायचे, वाळूत धूर व्हायचा आणि धूर निवला की हेले अलग उभे असायचे. मोडणारा हा आपला एक मान आहे, नवरदेवाच्या पाठीमागे करवली असते तसा, असंच सगळे धरून चालले होते. भगवंताला राग आला. त्या रागातच तो घरी येऊन सत्यभामेला म्हणाला, की या पाडव्याला मी वाडीतून हलणार नाही.

आणि खरंच तो हलला नाही. चौसष्टच्या पाडव्याला दुपारी तो वांगी तोडत होता. वाडी, म्हणजे त्याचा मळा आणि घर, नदीच्या वरच्या अंगाला होती, तिथून वाळू दिसत नसे, आवाज तेवढा यायचा. ठाण्याचा एक शिपाई सकाळीच आला होता. पाटलाकडे जेवून तो दरडीवर लिंबाखाली बसला होता. वाळूत माणूस नाही, काठी नाही, तर तो तरी काय करणार.

हेले भिडल्याचं भगवंताला लोकांच्या आरोळीवरून कळलं. तो तोडतच राहिला. दोन्ही गावांचे डफ चढत गेले. मग एक डफ थांबला. आपला की त्यांचा, हे तो ताडू लागला. तेवढ्यात दुसराही थांबला.

असं कधी झालं नव्हतं. जिंकणाऱ्याचा डफ थांबत नसतो. मग आरडाओरडाही थांबला आणि नदीकडून नुसता हेल्याचा आवाज येऊ लागला. भगवंताच्या हातातलं वांगं हातातच राहिलं.

तो विहिरीवर गेला आणि मोटेचा नाडा सोडू लागला. सत्यभामा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आज तुमचं नाव नाही तिथं. जाऊ नका." त्याने नाडा खांद्यावर टाकला.  मग तिने चुलीतला जळता पऱ्हाटीचा जुडगा ओढला आणि त्याच्या हातात दिला. "जाताच तं हे घेऊन जा. हात हलवत जाऊन काय करान?"

दरडीवर सातआठशे माणसं गुपचूप उभी होती. बरेच जण नदीकडे बघतच नव्हते. खाली चांद्याचा मागचा पाय केव्हाच जमीन चाचपून थकला होता, तो गुडघ्यावर आला होता. सावंग्याच्या हेल्याचं शिंग त्याच्या डोळ्यात शिरलं होतं आणि तो हेला चांद्याला वाळूतून ढकलत नेत होता. कोणी उतरत नव्हतं. पाटलांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांचे हात मोकळे होते.

भगवंत उतरला. सावंग्याच्या हेल्याच्या मागच्या पायात त्याने फास टाकला आणि दोराचं टोक वर करून दरडीकडे ओरडला, "धरा." दरवर्षी धरणारे चारी गडी समोर उभे होते. एकाने पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी शिपायाकडे पाहिलं. कुणीही आलं नाही. भगवंताने पुन्हा हाक मारली नाही. त्याने दोराचे वेढे काठच्या बाभळीला दिले, जुडगा घेऊन दोन तोंडांच्या मध्ये गेला आणि चांद्याच्या कानाशी आवाज काढला. सर, सर, सर.

त्या रक्तबंबाळ जनावराने तो आवाज ओळखला. मोटेवर यायचा तसा चांद्या एक पाऊल मागे आला, मग दुसरं. शिंग डोळ्यातून निघालं. सावंग्याचा हेला पुढे झेपावला, पण दोर ताणला गेला आणि तो जागीच फिरला. तोंडावर धूर आल्यावर तो फुरफुरत बाजूला झाला. भगवंत चांद्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. 

शिपाई लिंबाखालून उठला. तो वाईट माणूस नव्हता. सबंध वाळूत दोन हेले आणि एक माणूस होता, आणि त्या माणसाजवळ दोरही होता आणि विस्तवही. त्याने भगवंताचं नाव विचारून घेतलं आणि म्हणाला, "चल."

कचेरीत पाटलांची साक्ष झाली. जनावरं रोजच्यासारखी पाण्यावर गेली होती, गाव सणाचं नदीवर आलं होतं. टक्कर कुणी लावली हे आपण पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले. मग हा तिथं कशाला गेला होता, असं विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली. तेवढी लाज त्यांना होती.

साहेबाने शिरस्तेदारामार्फत भगवंताला तोच प्रश्न केला. गावाचं नाव घ्यायला त्याला एवढी संधी पुरेशी होती, आणि बाहेर बसलेली सत्यभामा मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसली होती, की घेऊन टाका एकदा नाव. भगवंत म्हणाला, "लावली कोनं ते म्या नाही पाह्यलं, म्या वाडीत होतो. मोडली म्या." शिरस्तेदाराने लिहिलं, की आरोपी टकरीत हात असल्याचं कबूल करतो. महिनाभराची कैद झाली. त्या हुकुमाखाली लोणझरीतून शिक्षा झालेला तो पहिला माणूस, आणि शेवटचाही.

बडनेऱ्याकडे आगगाडीचा भराव पडत होता आणि तिकडच्या रस्त्याला गिट्टी लागत होती. भगवंताने महिनाभर ती फोडली. बरोबरचे कैदी गुन्हा विचारायचे. चोरीवाला होता, मारामारीवाला होता. भगवंताने सांगितलं, की दोन जनावरं भांडत होती ती सोडवली. ते पोट धरून हसले. पहिल्या दिवशी त्याला राग आला, नंतर तोही हसायला लागला.

सुटून आला तेव्हा पाटील स्वतः वाडीत आले. हातात नारळ आणि फेटा. चांद्याचा एक डोळा गेला होता, पण जगला होता. भगवंताने नारळ घेतला. फेटा सत्यभामेने घेतला आणि म्हणाली, "वांगी बांधाले होईन." पाटील गेले.

पुढच्या साली अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. चांदीच्या शेंब्या उतरल्या. पण पाडवा काही भावावर चालत नव्हता. दिवाळीच्या आठ दिवस आधी पाटील पुन्हा वाडीत आले आणि विहिरीच्या काठावर बसले.

"शिपायाचं यंदा मी पाहून घेतो," ते म्हणाले. "तू फकत ये."

"मी नाही येत, पाटील."

"भेलास का?"

"भेलो नाही. गिट्टी फोडता फोडता एक समजलं. बावीस वर्सं मले वाटे का मी जनावरं वाचवतो. पन मी मोडाले हावो म्हूनच तुमी हेले सोडून राह्यले होते. मी नसतो तं पयल्याच साली एक मेला असता, अन् दुसऱ्या साली कोनी हेला आनलाच नसता."

 पाटलांनी विचारलं, "अन् डफाचं काय? आगोदर कोनाचा जाईन?"

भगवंताला त्यांची कीव आली. तो मोटेकडे वळला.

पासष्टच्या पाडव्याला दोन्ही गावं तिसऱ्या प्रहरी दरडीवर जमली. अलीकडे एकडोळ्या चांद्या, पलीकडे सावंग्याचा हेला, दोघांच्या वेसणी गड्यांनी धरलेल्या. तो शिपाई आलेला नव्हता, मनाई करायला कुणी नव्हतं. लोक वरच्या अंगाला माळ्याच्या वाडीकडे कान देऊन होते. तिथून मोटेचं चाक करकरताना ऐकू येत होतं. चाक करकरतंय म्हणजे नाडा विहिरीवर आहे, हे सगळ्यांना कळत होतं. ते थांबायची वाट बघत दोन्ही गावं उभी राहिली. गडी पाटलाकडे बघत होते, पाटील पलीकडे बघत होते. गेल्या वर्षीचं सगळ्यांनी पाहिलं होतं. पहिली वेसण कुणी सोडायची, हे काही ठरेना.

सणाचा दिवस, बैलांना सुट्टी असते. भगवंत मात्र जोडी पुढे-मागे करतच होता. सर, सर, सर. चाक थांबू नये म्हणून त्याने मध्ये पाणीसुद्धा प्यायलं नाही. वाफे केव्हाच तुडुंब भरले होते आणि पाणी बांधावरून वाहत होतं.

सत्यभामा चिखलातून येऊन विहिरीशी उभी राहिली. "पुरे करा आता. वांगी सडतीन."

"सडू दे," भगवंत म्हणाला, आणि त्याने जोडी पुन्हा मागे घेतली.

दिवस बुडायच्या सुमाराला दोन्ही हेले आपापल्या गोठ्यात परत गेले.